हळदीकुंकवाला जमिनीवर बसले आणि उठताच येईना (वय ६४, स्नायू, वजनं वगैरे)

मुलुंडकरीण | २७ जानेवारी, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात शेजारच्या विंगमध्ये हळदीकुंकू होतं. सोफ्यावर ज्येष्ठ मंडळी बसली होती, म्हणून मी आपली तोऱ्यात सतरंजीवर बसले. तिळगूळ झाला, अत्तर झालं, वाणात स्टीलची चाळणी मिळाली (यंदाची तिसरी). उठायची वेळ आली आणि उठवेना. गुडघा दुखत नव्हता, पाठ धरली नव्हती, चक्कर नव्हती. पायांत जोरच नव्हता. शेवटी एक हात सोफ्यावर, दुसरा यजमानीणबाईंच्या सुनेच्या हातात, मागून कुणीतरी काखेत हात घातलेला, अशी वरात निघाली. आधी चाळणी उठली, मग मी.

वय ६४, उंची पाच फूट एक इंच, वजन ५२ किलो. 'तू कशी अजून बारीक गं' हे आयुष्यभर ऐकत आले. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. रोज पाऊण तास चालते, न चुकता. बीपीची एक गोळी. डॉक्टरांनी डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) करायला लावली, त्यात हाडांचा टी-स्कोर (जितका जास्त उणे तितकी हाडं विरळ) उणे १.९ आला. म्हणाले, "काकू, वजन बरोबर आहे, पण त्यात स्नायू किती उरलेत तो प्रश्न आहे. चालणं ठेवा, पण वजनं उचला."

मग धीर करून स्टेशनजवळच्या एका जिममध्ये गेले. पोरगा चांगला होता हो, पण त्याने माझ्याकडे पाहिलं, रॅककडे पाहिलं आणि गुलाबी रंगाची एकेक किलोची दोन डंबेल्स हातात दिली. दहा वेळा वर, दहा वेळा खाली. "बस आंटी, आपके लिए इतना काफी है." घरी येऊन मी माझी पर्स वजनकाट्यावर ठेवली. २ किलो ३०० ग्रॅम. छत्री आणि डबा नसताना.

तर जाणकारांनो, एका किलोने काही होतं का? जास्त उचलणं या वयात धोक्याचं आहे का? आणि मुख्य म्हणजे स्नायू आता खरंच वाढतात, की आहेत तेवढेच जपायचे?

तिखटशेव | ११.२५

"आधी चाळणी उठली, मग मी" – हसून हसून पुरेवाट. पुढच्या संक्रांतीला वाणात डंबेल्सच वाटा ताई. चाळण्या पुरे झाल्या.

निवृत्त_नाना | ११.५८

हे सगळं जिमवाल्यांचं आणि पावडरवाल्यांचं फॅड आहे. आमच्या मातोश्री ८८ वर्षं जगल्या. पहाटे जात्यावर दळण, पाट्यावर वाटण, विहिरीचं पाणी. शेवटपर्यंत मांडी घालून जेवल्या. त्यांनी कुठे डंबेल उचललं होतं? रोज बारा सूर्यनमस्कार घाला, बाकी काही लागत नाही. मी ७१ आहे, ठणठणीत.

ओसरी | १२.२०

नाना, आदर आहेच. पण जातं म्हणजे वजनं उचलणंच झालं की! तुम्ही आमच्याच बाजूने बोलताय. त्या दगडाला कुणी गुलाबी रंग दिला नव्हता एवढंच.

आणि दुसरं. माझी आजी गिरगावात चाळीत होती. नळ खाली, खोली दुसऱ्या मजल्यावर, कमरेवर कळशी. तीही दळायची, वाटायची. साठीत वाकली. बासष्टाव्या वर्षी मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि आठ महिने खाटेवर काढून गेली. तुमच्या मातोश्रींचे किस्से सांगायला तुम्ही आहात. आजीच्या पिढीतल्या अशा पडून गेलेल्या बायकांचे किस्से कुणी सांगत नाही, कारण ते 'वय झालं होतं' या तीन शब्दांत संपतात.

तिखटशेव | १२.२४

ओसरी +१

मृण्मयी_ | दुपारी २.४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दादरला काम करते. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, टंकनदोष चालवून घ्या.

मुलुंडकरीणताई, तुम्हाला जे झालं त्याला नाव आहे, सार्कोपेनिया. (ग्रीकमध्ये 'सार्क्स' म्हणजे मांस, 'पेनिया' म्हणजे तूट.) तुम्हाला ते आहेच असं मी इथून म्हणणार नाही, पण घरबसल्या तपासता येतं. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरलेले निकष सांगते. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर बांधा, पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पुढची तपासणी करावी. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजा, बायकांत ३३ सेंटीमीटरच्या खाली असेल तर लक्ष द्यायला हवं. आणि हाताची पकड मोजायचं यंत्र आमच्याकडे असतं, बायकांसाठी १८ किलोच्या खाली म्हणजे कमी. टेप नसेल तर जपानी लोकांची युक्ती: दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीभोवती कडं करा. कडं सैल पडून मध्ये फट राहिली तर पोटरी बारीक झालीय.

आता चालणं का पुरत नाही. स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. हळू आणि चिवट काम करणारे, आणि झटक्यात जोर लावणारे. वयानुसार आधी आणि जास्त बारीक होतात ते झटक्याचे. चालताना त्यांना कुणी हाकच मारत नाही. पण फलाटावर कुणाचा धक्का लागला, तोल गेला, तर सावरायला तेच लागतात. जमिनीवरून उठायलाही तेच. त्यांना हाक मारायची तर वजन जड वाटायलाच हवं. जड म्हणजे असं की आठ-दहा-बारा वेळा उचलल्यावर 'अजून दोन जमतील, तिसरं नाही' असं वाटलं पाहिजे. तुम्ही गुलाबी डंबेल उचलत उचलत धाकट्या बहिणीशी फोनवर बोलू शकत असाल, तर तो व्यायाम नाही, फोन आहे.

वाढतात का? वाढतात. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धनिवासातली ८६ ते ९६ वर्षांची दहा माणसं घेतली आणि आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंना चांगलं जड वजन दिलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीतला स्नायूही जवळपास ९ टक्क्यांनी. तुम्ही ६४च्या आहात, त्यांच्या हिशेबाने पोरच.

पहिल्या महिना-दीड महिन्यात जी ताकद वाढते ती बहुतेक मज्जातंतूंची असते, म्हणजे मेंदू असलेल्याच स्नायूला नीट कामाला लावायला शिकतो. म्हणून आरशात काही दिसलं नाही तरी नाराज होऊ नका.

बीपी आटोक्यात आहे ना? असेल तर एकच कडक नियम: उचलताना श्वास कोंडायचा नाही. जोर लावताना श्वास सोडायचा. मोठ्याने आकडे मोजलेत की श्वास आपोआप सुटतो.

शंकासुर | ३.०५

शंका. मुंबईकर बाई रोज तीन पादचारी पूल चढते, त्यातले निम्मे सरकते जिने बंद असतात. तरी स्नायू कसे जातात? जिने म्हणजे व्यायामच की.

मृण्मयी_ | ३.१२

चांगली शंका. नोकरी असेपर्यंत चढते. निवृत्तीनंतर किती पूल चढते ते मुलुंडकरीणताईंनाच विचारा. शिवाय शरीराला एकदा तो जिना पचला की तो वाढवत नाही, टिकवतो. वाढवायचं तर ओझं हळूहळू वाढलं पाहिजे. पुलाच्या पायऱ्या दर महिन्याला उंच होत नाहीत.

मुलुंडकरीण | ३.३०

बरोबर पकडलंत. मुलुंड ते सीएसएमटी, तीस वर्षं, येताना हातात भाजी. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात मी कौतुकाने सांगत होते की आता लिफ्टशिवाय पाऊल टाकत नाही.

खुर्चीची चाचणी केली. नातवाने घड्याळ लावलं. १७.५ सेकंद. तिसऱ्या वेळेला हात आपोआप मांडीवर गेला तर पोरगा ओरडला, "आजी, फाऊल!" पोटरी साडेएकतीस.

वसईवाला | संध्या. ६.४५

थोडं अवांतर. माझी मावशी मासे विकते. सत्तरीची आहे. अजून भाऊच्या धक्क्यावरून पाटी उचलते. हाताची पकड अशी की तिने मनगट धरलं तर सुटत नाही, बारक्या पोरांना विचारा. पण गुडघे दोन्ही गेलेत, पाठ गेलीय, मान गेलीय. तर काम म्हणजे व्यायाम हेही पूर्ण खरं नाही. कामात ओझं तुम्ही ठरवत नाही, धंदा ठरवतो. दुखलं म्हणून पाटी अर्धी करता येत नाही आणि मंगळवारी विश्रांतीचा दिवस म्हणून घरी बसता येत नाही. तिला मी व्यायाम कर म्हटलं तर म्हणाली, "मेल्या, माजी पाटी तू उचल, त्योच तुजा व्यायाम."

उचलली. दोन पावलांत खाली ठेवली. वय ३९.

रानजाई | रात्री ९.२०

मृण्मयीताईंचं सगळं पटलं, पण 'जड वाटायला हवं' हे वाचून कुणी उद्या धावत सुटू नका, म्हणून माझा अनुभव. वय ५९. गेल्या वर्षी एका चकाचक जिममध्ये नाव घातलं. पहिल्याच दिवशी ट्रेनरने बार हातात देऊन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून जमिनीवरचं वजन उचलणं) करायला लावली. कसं वाकायचं, कंबर कुठे, काही नाही. त्याचं अर्धं लक्ष आरशात. चौथ्या वेळेला पाठीत कट्कन झालं. तीन आठवडे चप्पल घालायला मुलगी लागत होती. पैसे परत मागितले तर म्हणे पॅकेज 'नॉन-रिफंडेबल' आहे.

आता दुसरी ट्रेनर मुलगी घरी येते, आठवड्यातून दोनदा. पहिले तीन आठवडे तिने फक्त लाकडी दांडा पाठीला लावून कमरेतून वाकायला शिकवलं. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही दांड्याला टेकलेली राहिली पाहिजेत. मला वाटलं पैसे वाया चालले. आज तीच डेडलिफ्ट २५ किलोने करते. दोष डेडलिफ्टचा नव्हता.

मृण्मयी_ | ९.४५

रानजाई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या शंभरएक बायकांवर अभ्यास झाला, 'लिफ्टमोर' नावाचा, २०१८ साली छापून आला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, खरोखर जड वजनं, आठ महिने. कण्याच्या हाडांची घनता वाढली, आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. पण तिथे प्रत्येक वेळी शिकलेलं माणूस समोर उभं होतं आणि सुरुवातीला फक्त हालचाल शिकवली होती. ते वाक्य सोडून बाकीचं व्हॉट्सॲपवर फिरतं.

ज्यांचा टी-स्कोर उणे २.५ किंवा त्याखाली आहे त्यांनी ओझं घेऊन पुढे गोल वाकणं आणि कंबर पिळणं टाळा. नाना, काहींना सूर्यनमस्कारसुद्धा बदलून घालावे लागतात.

निवृत्त_नाना | ९.५१

सूर्यनमस्काराला हात लावू नका!

तिखटशेव | ९.५३

नाना, हात तर लावावाच लागतो. दोन्ही. जमिनीला.

अ_मोल | २८ जानेवारी, सकाळी ८.१५

सगळे उचलण्यावर बोलताय, खाण्यावर कुणीच नाही. विटा नाहीत आणि गवंडी बोलावलाय. ताई, दिवसभरात काय खाता ते लिहा.

मुलुंडकरीण | १०.४०

सकाळी चहा-मारी. नाश्त्याला पोहे किंवा उपमा. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, थोडा भात, ताक. चार वाजता चहा. रात्री मुगाची खिचडी, कधी नुसतं दूध-भात. घरचं, सात्त्विक. अंडं चालतं पण 'गरम पडतं' म्हणून क्वचित.

अ_मोल | ११.०२

हिशेब मांडतो, ढोबळ. पोळ्या ७ ग्रॅम प्रथिनं, वरण ५, भात-भाजी-ताक मिळून ६, पोहे ४, दोन्ही चहांतलं दूध ५, मारी १, खिचडी ७. झाले ३५. आपल्या आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) २०२०चा सर्वसाधारण आकडा आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ४३. साठीपुढच्यांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम म्हणतात, म्हणजे ५२ ते ६२. वयानुसार स्नायू प्रथिनांना दाद कमी देतात, म्हणून उलट जास्त लागतात. आणि आपण वयानुसार काय कमी करतो? नेमकी डाळ. 'वात धरतो' म्हणून.

दोन अंडी १२, मूठभर फुटाणे ६, वाटीभर दही ५. झाले ५८. पावडर नाही, काही नाही.

रानजाई | ११.२०

शेंगदाणेही चालतील ना?

अ_मोल | ११.२६

चालतील, पण जपून. ३० ग्रॅममध्ये साडेसात ग्रॅम प्रथिनं आणि पावणेदोनशे कॅलरी. शेंगदाण्याची चिक्की मात्र प्रथिनांत धरायची नाही, प्रत्येक धाग्यावर कुणीतरी धरतंच. सुकट खाणारे नशीबवान, त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनंच. मीठ मात्र बीपीवाल्यांनी धुऊन घ्यावं.

ओसरी | ११.४०

सुकट म्हणालात आणि आमच्या सोसायटीची आठवण झाली. एकदा भाजली तर सेक्रेटरी वर आले, "गॅस लीक होतोय का?" विचारत. हो म्हटलं असतं तर अग्निशमन दल आलं असतं.

वसईवाला | ११.४४

आमच्याकडे वास आला नाही तर लोक विचारायला येतात.

सई_परळ | १२.३०

माझ्या सासूबाईंचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) वाढलेलं आहे, मधुमेह वीस वर्षांचा. त्यांनाही ५८ ग्रॅम द्यायचे का?

मृण्मयी_ | १.५०

सई, नाही, इथे वाचून देऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती हे त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टनेच ठरवायचं. व्यायाम मात्र त्यांनाही विचारून सुरू करता येईल, तो मूत्रपिंडावाल्यांना बंद नसतो.

आजीबाई_पंच्याहत्तर | २९ जानेवारी, दुपारी ४.१५

मुलींनो, एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. माझं वय हेच नाव.

मला डॉक्टरांनी बसून-उठायचा व्यायाम दिला तेव्हा मी तीन वेळा केला आणि बंद केला. घरी सांगितलं गुडघे दुखतात. गुडघे दुखत नव्हते. खाली बसून जोराने उठलं की लघवीचे थेंब जायचे. सुनेला कसं सांगणार? वर्ष गेलं त्यात. मग फिजिओच्या मुलीने स्वतःहूनच विचारलं, "आजी, होतं का असं?" रडूच आलं मला.

दुसरं, कपडे. साडीत हे होत नाही. निऱ्यांमध्ये पाय कुठे आहे ते ट्रेनरला दिसत नाही आणि मला लाज. सुनेने तिची जुनी ट्रॅक पँट आणि माझ्या नातवाचा 'मुंबई' लिहिलेला टी-शर्ट दिला. पहिल्या दिवशी बेडरूमचं दार लावून केलं. आता हॉलमध्ये करते, दूधवाल्याने पाहिलं तरी फरक पडत नाही. मागे हात करून अंबाडा घालता येत नव्हता, तो आता येतो.

रानजाई | ४.३०

आजी, साष्टांग नमस्कार.

तिखटशेव | ४.३३

साष्टांगातून उठता येईल ना रानजाई? (दिवे घ्या, गंमत केली.)

मृण्मयी_ | ५.२०

आजी, तुमचा प्रतिसाद मी क्लिनिकच्या भिंतीवर लावणार होते, विचारून मगच लावीन. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका याच कारणाने सोडतात आणि कारण गुडघे सांगतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू म्हणजेही स्नायूच, तेही ढिले पडतात आणि त्यांचाही व्यायाम असतो. लघवी धरून ठेवताना जे आवळतो ते आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं. (प्रत्यक्ष लघवी करताना हा प्रयोग करत बसू नका.) आणि खुर्चीवरून उठताना आधी ते आवळून, श्वास सोडत उठायचं. काही महिन्यांत बऱ्याच जणींना फरक पडतो. नाही पडला तर डॉक्टर आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बोरीवली_स्लो | रात्री १०.१०

ज्यांना जिम नको आणि ट्रेनर परवडत नाही त्यांच्यासाठी आमच्या आईचं सांगतो. आई ६८. तिची तक्रार एकच होती, बेस्टच्या बसची पहिली पायरी. ड्रायव्हर थांबेपर्यंत धीर नाही, मागून रेटा आणि उजवा पाय वर ठेवला की डावा येतच नाही. तिने बस सोडून रिक्षा धरली, मग रिक्षा महाग म्हणून दहिसरच्या बहिणीकडे जाणंच बंद.

मी घरातला पाट घेतला. त्यावर एक पाय, चढायचं, उतरायचं, दोन्ही बाजूंनी आठ-आठ. पंधरा दिवसांनी दोन पाट एकावर एक, खाली रबरी चटई, शेजारी खिडकीचा गज धरायला. मग पाठीवर माझी शाळेतली सॅक, आत पाच किलो आट्याची पिशवी. शिवाय ओट्याला हात टेकून तिरके दंड, दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा ओढणं, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांच्या पिशव्या घेऊन पॅसेजमधून चालणं. एक लिटर म्हणजे एक किलो, मोजायला सोपं. आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. तिसऱ्या महिन्यात ती एकटी बसने दहिसरला गेली आणि मला फोनही केला नाही, मीच शोधत बसलो.

शंकासुर | १०.२५

दोनदाच? आठवड्यातून दोनदा करून होतं?

मृण्मयी_ | १०.४०

होतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारसही तीच आहे, स्नायूंसाठी किमान दोन दिवस. ६५च्या पुढे तोल सांभाळायचे व्यायाम तीन दिवस, ते दात घासताना एका पायावर उभं राहूनही होतात. बेसिन धरायला असतंच.

निवृत्त_नाना | ३० जानेवारी, सकाळी ७.०५

खुर्चीची चाचणी केली. १४ सेकंद. पण खुर्ची बुटकी होती.

ओसरी | ७.३०

नाना, दुसरी खुर्ची घ्या.

निवृत्त_नाना | ७.५२

घेतली. तीही बुटकी निघाली.

मुलुंडकरीण | १४ जून, संध्या. ५.३०

धागा वर काढतेय. कुणाकुणाच्या विपू (खासगी विचारपूस) आल्या होत्या, सगळ्यांना इथेच सांगते.

फेब्रुवारीत मृण्मयीताईंसारख्याच एका फिजिओकडे सहा वेळा गेले, फक्त हालचाली शिकायला. मग घरी. पहिल्या दिवशी खुर्चीवर दोन उशा ठेवून बसून-उठणं, कारण उशांशिवाय जमेना. मार्चमध्ये उशा गेल्या, मग पाच किलोचं डंबेल छातीशी धरून, आता आठ. जमिनीवर ठेवलेलं १६ किलो उचलते. ते १६ किलोचं काळं कानवालं वजन घेऊन डिलिव्हरीवाला मुलगा दारात आला तेव्हा म्हणाला, "आंटी, भैया को बुलाओ, भारी है." मीच आत आणलं. त्याच्यासमोर. मणक्यात वीज गेल्यासारखं वाटलं, दुखण्याची नव्हे.

सगळं सरळ झालं नाही. मे महिन्यात तीन आठवडे गुहागरला होते. आंबे, फणस, लग्नं. एकदाही काही केलं नाही. आले तर आठ किलो हातात धरवेना, परत पाचवर. चिडचिड झाली. फिजिओ म्हणाली, ते बोस्टनचे नव्वदीतले लोकसुद्धा चार आठवडे थांबले तर त्यांची ताकद ३२ टक्क्यांनी उतरली होती, तुम्ही कोण लागून गेलात. दोन आठवड्यांत परत आठवर आले. चढताना लागला त्यापेक्षा वेळ कमी लागला.

आकडे हवेत तर: खुर्ची १७.५वरून १०.८ सेकंद. पोटरी साडेएकतीसची बत्तीस, म्हणजे अजून कमीच. वजन ५२चं ५३.४, आणि आयुष्यात पहिल्यांदा वजन वाढल्याचा आनंद झाला. बीपी आहे तसंच, गोळी आहे तीच. अंडी रोज दोन, गरम पडली नाहीत. डेक्सा वर्षाने करू, आत्ता करून काही कळणार नाही म्हणाले.

आणि जमिनीवरून उठणं. जमतं, पण एक हात टेकून. आधी गुडघ्यावर यायचं, एक पाऊल पुढे, त्याच मांडीवर हात, आणि उठायचं. हात न टेकता अजून नाही. वटपौर्णिमेला शेजारच्या विंगमध्ये परत बोलावणं होतं, मुद्दाम सतरंजीवर बसले. यजमानीणबाईंची सून आपणहून धावत आली, मी म्हटलं थांब. उठले. तिला जरा वाईटच वाटलं असावं.

मूळ प्रश्नाचं उत्तर मीच देते: एका किलोने होत नाही. ती गुलाबी डंबेल्स मी नंतर घेतली, दोनशे रुपयांत, जुनी. पाऊस आला की खिडकीचं दार आपटतं, त्याला टेकवून ठेवलीत.

आजीबाई_पंच्याहत्तर | ५.५०

शाब्बास गं. हात टेकला तर टेकला.

बोरीवली_स्लो | ६.०५

अभिनंदन! आट्याच्या सॅकचा प्रयोग केलात का?

मुलुंडकरीण | ६.२०

केला. मार्चमध्ये. पिशवी आत फुटली, पाटावरून उतरताना कळलं. सॅकच्या चेनमधून हॉलभर पीठ.

तिखटशेव | ६.२२

मग?

मुलुंडकरीण | ६.२५

मग काय, चाळणी होती ना.